हिरव्या ठिपक्याच्या चाळीस पिना

घमापुरातल्या ‘कुंदा इंजिनिअरिंग वर्क्स’चे मालक नीलकंठराव यांचा देवावर विश्वास होता, फर्म्यावर मात्र श्रद्धा होती. देव वडिलोपार्जित होते, न मागता घरात आले होते. फर्मा त्यांनी स्वतः कमावला होता.

फर्मा म्हणजे पंज्याएवढं एक पोलादी माप. त्याला दोन तोंडं. लेथवर घडवलेली पिन पहिल्या तोंडातून सुळकन जायला हवी आणि दुसऱ्या तोंडाशी अडायला हवी. पहिल्यात अडली तर जाड, दुसऱ्यातून गेली तर बारीक, आणि दोन्ही वेळा नापास. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात गावातल्या सरकारी फॅक्टरीने तिथे बनणाऱ्या लष्करी ट्रकच्या मागच्या फाळक्यांना लागणाऱ्या पिना बाहेरून करून घ्यायचं ठरवलं. ते काम नीलकंठरावांना मिळालं आणि कामासोबत लाल मखमलीच्या डबीतून हा फर्मा आला.

त्याआधी पंधरा वर्षं नीलकंठराव अधारतालला मेव्हण्याच्या पिठाच्या गिरणीत होते. मेव्हण्याचं नाव श्रीरंग. पंधरा वर्षांत नीलकंठरावांच्या भुवया पिठाने पांढऱ्या झाल्या, मग खरोखरच पांढऱ्या झाल्या, तेव्हा कुठे त्यांनी दोन जुने लेथ घेऊन स्वतःचा कारखाना थाटला. त्याला बायकोचं नाव दिलं. त्याबद्दल कुंदाकाकूंचं म्हणणं एवढंच होतं की पाटीवर माझं नाव आणि कारखान्यात माझा फक्त चहा.

तर असा फर्मा. तो कारखान्यातल्या कोनाड्यात, गणपतीच्या शेजारी, मखमलीवर बसायचा. त्याला हात लावायचा अधिकार एकट्या नीलकंठरावांना, तोही आंघोळ करून. लेथवर म्हातारे कारागीर बापू सळी कातून पिन उतरवायचे, पाच-पाच पिना ताटलीत घालून कोनाड्यापाशी न्यायचे आणि नीलकंठराव त्या एकेक करून फर्म्यातून काढायचे. जुलैचा माल पास झाला. ऑगस्टचाही झाला. श्रीरंग दर रविवारी यायचा आणि जाताना म्हणायचा, “भाऊजी, गिरणीतली तुमची जागा अजून रिकामीच आहे हं.” त्या दोन महिन्यांत नीलकंठरावांनी त्याला जिलेबी खाऊ घालून हसत निरोप दिला.

मग नवरात्र आलं. खंडेनवमीला दोन्ही लेथ, हातोडे, पाने, कानशी, सगळ्यांची पूजा झाली, आणि फर्म्याची सर्वांत थाटाची. तेलात कालवलेलं कुंकू, गंध, अक्षता. नीलकंठराव मोकळ्या हाताचे पूजक. त्यांनी फर्म्याला बाहेरून कुंकू लावलं, मग दोन्ही तोंडांच्या आतही बोट फिरवलं, कारण देवाला काय, नुसतं कपाळ असतं का!

दसऱ्यानंतरचा पिनांचा डबा फॅक्टरीतून परत आला. शेरा : पिना बारीक.

नीलकंठरावांनी बापूंकडे पाहिलं, बापूंनी लेथकडे पाहिलं. पिना तर फर्म्यातून मोजून काढलेल्या. म्हणजे फर्मा रुसला, दुसरं काय! नीलकंठरावांनी रोज कुंकू लावायला सुरुवात केली. दिवाळीच्या तोंडावर दुसरा डबाही परत आला, आणि त्यांनी कुंकवाला तुपाचं निरांजन जोडलं. आता पिना पहिल्या तोंडातून जाईनात. नीलकंठराव म्हणायचे, “बापू, आणखी उतरवा.” बापू उतरवायचे. एकदा मात्र त्यांच्या तोंडून गेलंच, “मालक, आता आणखी उतरवली तर सुईच होऊन जाईल ना.”

“फर्मा खोटा आहे का, बापू?”

बापूंनी कान धरले. फर्मा खोटा कसा असेल!

फॅक्टरीचं पत्र आलं ते त्याच आठवड्यात. पुढची मागणी येईल तेव्हा आणखी एक डबा बघू. तोही नापास झाला तर काम बंद, फर्मा परत. ते वाचून नीलकंठरावांना नाकात पीठ गेल्यासारखं झालं. त्यांना गिरणीत परत जायचं नव्हतं. या वयात, त्या भोंग्याखाली, “भाऊजी, ज्वारी वेगळी ठेवा हं” हे ऐकत उभं राहायचं नव्हतं. एवढं एकच मागणं होतं त्यांचं जगाकडे.

सल्ला दिला भय्यासाहेबांनी. भय्यासाहेब फॅक्टरीला ताडपत्र्या पुरवायचे आणि त्यांच्या ताडपत्र्या गळत असूनही त्यांचं काम कधी गेलं नव्हतं, म्हणजे सल्ला देण्याचा अधिकार होता. सराफ्यातल्या एका दुकानात खव्याची जिलेबी तोंडात टाकत ते म्हणाले, “नीलकंठ, तुझ्याकडे ट्रेनी आहे का?”

“ट्रेनी? मलाच काम नाही पुरत.”

“अरे, कामाला कोण म्हणून राहिलं? नावाला! पॉलिटेक्निकची पोरं शिकायला जागा शोधत फिरून राहिली. एक ठेव. पगार नाही, काही नाही. माल तपासणारा दहा पिना उचलतो. त्यात दोन खराब निघाल्या की डबा परत. त्या दोन पिना त्या पोराच्या! नवशिका होता, चूक झाली, काढून टाकला, एक मौका द्या साहेब. माझ्याकडे आतापर्यंत सहा झाले. पोरांना अनुभव मिळतो, आपल्याला बकरा मिळतो.”

नीलकंठरावांना हे ऐकून आधी लाज वाटली. दुसऱ्या जिलेबीपर्यंत ती गेली.

दिवाळी सरली आणि बकरा आपल्या पायांनी चालत आला. त्याला दोन वेण्या होत्या. तिचं नाव विनता. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला होती आणि त्या वर्गात ती एकटीच मुलगी. सहा आठवड्यांच्या अनुभवाचा दाखला दिल्याशिवाय तिला परीक्षेला बसू देत नव्हते, आणि सात कारखान्यांनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं. वडील फॅक्टरीतून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. त्यांची मापाची पेटी तिच्या झोळीत होती. आठव्या नकाराची तयारी करून आलेली ती मुलगी म्हणाली, “काका, मी झाडूही मारीन, पण—”

“कधीपासून येतेस?” नीलकंठरावांनी विचारलं.

ती बघतच राहिली. आत चहा गाळणाऱ्या कुंदाकाकूसुद्धा बघत राहिल्या. लग्नानंतर तीस वर्षांत आपला नवरा इतका उदार झालेला त्यांनी पाहिला नव्हता, आणि त्यांना लगेच संशय आला.

बकरा मिळाला, पण तो चुकेना! नीलकंठरावांनी तिला दुसरा लेथ दिला, जो चालू केला की आजारी म्हशीसारखा थरथरायचा. तिने चार दिवस त्याच्या पोटात डोकं घातलं, एक झिजलेली पट्टी बदलली आणि तो बापूंच्या लेथपेक्षा मऊ चालायला लागला. बोथट हत्यारं दिली. तिने धार लावून दिली, वर बापूंचीही लावली. मुद्दाम उलट सांगितलं, तर ती भिंतीवरचं कॅलेंडर उचलायची. त्यामागे फॅक्टरीने दिलेला पिनेचा नकाशा चिकटवलेला होता. तो वाचून ती म्हणायची, “काका, इथे तर असं लिहिलंय.” तो नकाशा कॅलेंडरखाली गेल्याला पाच महिने झाले होते.

“नकाशा कागद आहे,” नीलकंठराव म्हणायचे. “फर्मा लोखंड आहे. कोणाचं ऐकायचं?”

आणि प्रश्न! बापूंना तीस वर्षांत कोणी विचारले नव्हते तेवढे प्रश्न तिने तीन आठवड्यांत विचारले. हे असं काहून? ते तसं काहून? बापू वैतागतील असं नीलकंठरावांना वाटलं होतं, बापू खुलले. म्हातारा सांगता सांगता स्वतःच थबकायचा आणि म्हणायचा, “खरंच, असं काहून करतो मी?” आणि दुसऱ्या दिवसापासून ते वेगळं करायचा. काम भराभर व्हायला लागलं. दुपारचा वेळ उरायला लागला. असं सगळं सुरळीत होताना पाहून नीलकंठराव मनातून खचत चालले.

एकदाच तिने मर्मावर बोट ठेवलं. ते कुंकू लावत असताना ती मागे येऊन उभी राहिली.

“काका, फर्मा पुसत नाही का आपण?”

“पूजेचं कुंकू पुसतात का कधी?”

“नाही म्हणजे, वरचं राहू द्या. आतल्या तोंडातलं तेवढं—”

“विनता!” नीलकंठरावांचा आवाज लेथच्या वर गेला. “पंधरा वर्षांनी माझ्या घरी लक्ष्मी आली ती या फर्म्याच्या पायानं. तू तीन आठवड्यांची आणि मला शिकवून राहिली? आजपासून कोनाड्याच्या जवळ यायचं नाही.”

कान लाल झाले होते तिचे. पुन्हा तो विषय तिने काढला नाही, आणि कोनाड्याकडेही फिरकली नाही. दुपारी मात्र झोळीतून वडिलांचं, केसाएवढी जाडी मोजणारं मायक्रोमीटर काढून ती लेथशेजारी ठेवू लागली.

डिसेंबरच्या तीन तारखेला लढाई पेटली. खिडक्यांना काळे कागद लागले, भोंग्यांचा सराव सुरू झाला आणि फॅक्टरीतून सळ्यांसोबत निरोप आला, दोनशे पिना, पाच दिवसांत. हाच शेवटचा डबा.

आता बकऱ्याचा मुहूर्त आला होता. नीलकंठरावांनी दोनशेतल्या चाळीस पिना विनताला दिल्या, एकशेसाठ बापूंना. विनताच्या पिनांच्या डोक्यावर हिरव्या रंगाचा ठिपका द्यायचा आणि त्या वेगळ्या डब्यात भरायच्या, असं बजावलं. “कोणाचं काम कोणतं, कळायला पाहिजे ना बेटा.” तिच्या पिना त्यांनी फर्म्यातून काढल्याच नाहीत. काढायच्या कशाला? खराब असल्या तरच उपयोगाच्या! बापूंच्या एकशेसाठ मात्र त्यांनी एकेक करून, स्तोत्र पुटपुटत, कुंकवाने बरबटलेल्या फर्म्यातून पार केल्या.

कोर्टासमोरच्या टायपिस्टकडून त्यांनी पत्र करून घेतलं. भय्यासाहेबांचं सांगणं होतं की पत्र मालानंतर गेलं तर सबब वाटते, मालासोबत गेलं तर प्रामाणिकपणा. पत्रात होतं : हिरवा ठिपका असलेल्या पिना आमच्या नवशिक्या ट्रेनीने केल्या आहेत; मालात दोष आढळल्यास तो तिचा समजावा; तिला तत्काळ काढण्यात येत आहे. तारखेची जागा त्यांनी कोरी ठेवली, पंचांग बघून घालू म्हणून. पाकीटही उघडंच राहिलं. पाकिटाचा डिंक जिभेने ओला करणं हे नीलकंठरावांच्या सोवळ्यात बसत नव्हतं, आणि बाटलीतला डिंक वाळून खडा झाला होता.

माल न्यायचा त्या दिवशी सकाळपासून त्यांची स्वतः फॅक्टरीत जायची हिंमत होईना. रात्रीची वांगी बाधली, असं त्यांनी सांगितलं. बापूंना फाटकावरच्या बाबूंशी बोलता यायचं नाही. उरली विनता. दोन्ही डबे सायकलरिक्षात ठेवून त्यांनी पाकीट तिच्या हातात दिलं.

“हे फक्त द्यायचं. बोलायचं काही नाही.”

“हो काका.” ती रिक्षात बसली आणि डबे नीट पायाशी ओढून घेतले. रिक्षा वळेपर्यंत नीलकंठराव दारात उभे होते. स्वतःच्या नाशाचं पत्र ही पोरगी स्वतःच्या हाताने घेऊन जाते आहे, हे मनात आलं आणि त्यांना फार वाईट वाटलं. तिला हाक मारावी असंही वाटलं. पण मग गिरणी आठवली, आणि ते आत वळले.

शनिवारी शैलेंद्रबाबू स्कूटरवरून आले. फॅक्टरीत माल तपासणारे हेच. हसताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. त्यांच्या एका हातात पत्र होतं, दुसऱ्या हातात पिना असलेली पिशवी. श्रीरंगही नेमका तेव्हाच आला होता, रविवारची वाट न बघता. अशा वेळी मेव्हण्यांना बरोबर सुगावा लागतो.

“नीलकंठजी, ये चिट्ठी आपकी है?”

“जी साहब.”

“ये ट्रेनी कौन है?”

नीलकंठरावांच्या जिवात जीव आला. अगदी भय्यासाहेबांनी सांगितल्यासारखं चाललं होतं. त्यांनी बोट दाखवलं आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, “यही है साहब. बच्ची है, गलती हो गई. आज ही निकाल देते हैं. बस एक मौका—”

विनता लेथ बंद करून उभी राहिली. कुंदाकाकूंच्या हातातला चहाचा ट्रे तिथेच थांबला.

“निकाल देंगे?” शैलेंद्रबाबूंनी पिशवी टेबलावर रिकामी केली. हिरव्या ठिपक्यांच्या पिना एकीकडे, बाकीच्या दुसरीकडे. “हरे निशान वाली चालीस की चालीस पास हैं. बाकी एक सौ साठ, सब फेल. एक भी नहीं बची. इसे निकालेंगे तो पिन कौन बनाएगा? आप?”

बापू मटकन स्टुलावर बसले. श्रीरंगाने खुर्ची पुढे ओढली.

“पर साहब, मैंने तो एक-एक फर्मे से—”

“फर्मा दिखाइए.”

नीलकंठराव कोनाड्याकडे नुसते बघत राहिले. विनता जागची हलली नाही. तिला कोनाड्याजवळ जायची बंदी होती आणि ती तिने पाळली. शेवटी कुंदाकाकूंनी ट्रे खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि मखमलीवरून फर्मा उचलून आणला. शैलेंद्रबाबूंनी तो उजेडात धरला. अडीच महिन्यांचं तेल, तूप, कुंकू आणि काजळी मिळून दोन्ही तोंडांच्या आत तांबडी साय धरली होती.

“ये क्या है?”

कुंदाकाकूंनी केसांतला आकडा काढला आणि दोन्ही तोंडांच्या आतून फिरवला. कुंकवाच्या खपल्या टेबलावर पडल्या. मग शैलेंद्रबाबूंनी दोन्ही तोंडं रुमालाने पुसून काढली, बापूंची एक पिन उचलली आणि दुसऱ्या तोंडात, जिथे ती अडायला हवी होती तिथे, घातली. पिन आरपार जाऊन टेबलावर पडली आणि गडगडत श्रीरंगाच्या पायाशी गेली. हिरव्या ठिपक्याची पिन पहिल्यातून सुळकन गेली, दुसऱ्याशी अडली.

आणि शैलेंद्रबाबू हसले. आधी नाकातून, मग पोट धरून. “भगवान को इतना खिलाया, इतना खिलाया, कि मुँह ही नहीं खुल रहा था!” बापू हसले, श्रीरंग हसला, कुंदाकाकू तर डोळ्यांना पदर लावून हसल्या. विनता तेवढी लेथकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे मात्र हलत होते.

हसू ओसरल्यावर शैलेंद्रबाबूंनी त्याच पत्राच्या पाठीवर लिहून दिलं. लढाई चालू होती, पिना हव्या होत्या, नवा माणूस शोधायला वेळ नव्हता. आठ दिवसांत एकशेसाठ पिना नव्याने. आणि यापुढे प्रत्येक पिन ट्रेनीने तपासल्यावरच डब्यात जाईल. सही केली आणि स्कूटरला किक मारून गेले. श्रीरंगही उठला. गिरणीतल्या जागेबद्दल आज पहिल्यांदाच तो काही बोलला नाही.

काम वाचलं होतं. नीलकंठरावांना आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही; पण ते पत्र डोक्यातून जाईना. बापू घरी गेल्यावर ते विनताच्या लेथपाशी आले. ती हत्यारं पुसून ठेवत होती. आज तिचे सहा आठवडे पुरे झाले होते आणि दाखल्याचा छापील कागद तेलाचे हात न लागू देता तिने खिडकीत ठेवला होता.

“विनता, आठ दिवस आणखी थांबशील का? पगार देईन. पुढेही देईन.”

“थांबीन काका. पण फर्मा माझ्या ताब्यात. कुंकू डबीला लावा, हवं तेवढं.”

“हो. हो बेटा.” त्यांनी कागद घेतला, पेन उघडलं, पुन्हा मिटलं. न सांगता सही करवेना. “तुला एक सांगायचंय. ते पत्र... मी तुला का ठेवून घेतलं, ते तुला—”

“माहीत आहे मला.”

“शैलेंद्रबाबूंनी वाचलं तेव्हा कळलं?”

“नाही काका. रिक्षातच. पाकीट उघडंच होतं ना.” तिने मायक्रोमीटर पेटीत ठेवून पेटीचा खटका लावला. “पण ठिपके कशासाठी आहेत, ते आधीच कळलं होतं. म्हणून तर चाळीसही नकाशा समोर ठेवून तीन-तीनदा मोजल्या.”

नीलकंठरावांना जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. “मग तू ते पत्र दिलंस कशाला? फाडून फेकायचं होतंस!”

“कुठल्या पिना कोणाच्या, ते त्यांना आणखी कोण सांगणार होतं?” विनता म्हणाली. “फक्त तारीख राहिली होती. बिनतारखेचं पत्र फाटकावर घेत नाहीत. ती मी घातली.”

आणि तिने दाखल्यावरच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. “इथेही तारीख राहून गेलीय, काका. आजची घाला.”